संगणक हळू चालतो, त्यात मामांचा काय दोष?

येत्या शनिवारी आपल्या मंडळाची बैठक आहे. विषयपत्रिकेवरचा तिसरा विषय असा : ‘मंडळाच्या संगणकावर देखरेखीचे सॉफ्टवेअर बसविणे.’ मी या ठरावाच्या विरोधात मत देणार आहे. बैठकीत प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं मिळतात आणि माझी दोन मिनिटं ‘म्हणजे झालं काय की’ इथेच संपतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून इथे लिहिते. संपादकांनी जागा दिली, आभार. (संपादकही त्याच संगणकावर बसतात, त्यामुळे त्यांनाही हे दुखणं परकं नाही.)

ज्यांनी तो संगणक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. ग्रंथालयाच्या मागची खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर आठ वर्षांचा डेस्कटॉप. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क, विंडोज १०. तुम्ही आत्ता वाचताय तो अंक याच यंत्रावर जुळवला गेला. मंडळाचे जुने छापील अंक आम्ही स्कॅन करून ठेवतो, तेही यातच. कथा टाइप करायला, कवितेची प्रिंट काढायला, निबंध पाठवायला मंडळाचे सगळेच तिथे येतात. आणि संध्याकाळी पाचनंतर, खोली बंद करायच्या आधी, मामा अर्धा तास बसतात. मामा म्हणजे आपले शिपाईमामा. त्यांच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, घरचं लाइट बिल असलं काही काम असतं. काम नसेल तेव्हा हळू आवाजात जुनी नाट्यगीतं लावतात. सरांनीच त्यांना परवानगी दिली होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर संगणक अचानक मंदावला. मंदावला म्हणजे किती? बटण दाबल्यापासून पहिलं अक्षर टाइप होईपर्यंत नऊ मिनिटं. माउसचा बाण हलायचा, बाकी काही नाही. वर्ड उघडलं की खिडकी पांढरीफटक पडायची आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. सकाळी साडेदहा ते बारा तर कामच व्हायचं नाही, आणि आपले सगळे मोकळे तास नेमके तेव्हाच असतात.

ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, ‘मामांनीच काहीतरी डाउनलोड केलं असणार.’ त्याखाली अकरा अंगठे आले. त्यात एक माझा होता. कोणी लिहिलं ते सांगणार नाही, कारण अंगठा उमटवणाऱ्या आम्ही अकराजणांची चूक लिहिणाऱ्यापेक्षा कमी नाही. दुसऱ्या दिवशी मामांना सांगण्यात आलं की संगणकाला हात लावायचा नाही. ते ‘होय बाई’ म्हणाले आणि पिण्याच्या पाण्याची घागर भरायला गेले. त्याच आठवड्यात नव्या संगणकाचं कोटेशन आलं, ४२,००० रुपये. मंडळाच्या खात्यात ४६,००० होते. ते माजी विद्यार्थ्यांनी आंतरमहाविद्यालयीन कथाकथन स्पर्धेसाठी दिलेले. म्हणजे यंदा स्पर्धा नाही, असं जवळजवळ ठरलंच होतं.

मामांनी हात लावणं बंद केल्याला आठ दिवस झाले. संगणक तसाच. नवव्या दिवशी सकाळी पावणेअकराला मी तिथे एक असाइनमेंट घेऊन बसले होते आणि पांढऱ्या खिडकीकडे बघता बघता मला पप्पा आठवले.

कॅम्पात आमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. पप्पा गिऱ्हाइकांशी मराठीत बोलतात आणि संगणकाशी कोंकणीत भांडतात. परीक्षा फॉर्मच्या दिवसांत दुकानाबाहेर रांग असते, तेव्हा संगणक अडकला तर चालत नाही. त्यामुळे अडकला की पप्पा पहिल्यांदा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबतात. टास्क मॅनेजर उघडतो. तो बघितल्याशिवाय ते कोणाला बोलत नाहीत, मला किंवा माझ्या भावालाही नाही. (बघून झाल्यावर मात्र बोलतात.) मी हे लहानपणापासून बघत आलेय. खरं कॉलेजच्या खोलीत ते करावं असं मला आठ दिवस सुचलं नाही. मी साहित्याची विद्यार्थिनी, हे आपलं काम नव्हे, अशी एक आळशी ऐट आपल्यात असते ना, तीच.

तर मी तीन बटणं दाबली. टास्क मॅनेजर उघडायलाच मिनिटभर लागलं. वरच्या ओळीत चार आकडे : सीपीयू १४ टक्के, मेमरी ८३ टक्के, डिस्क १०० टक्के, नेटवर्क जेमतेम १.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी गोष्ट या आकड्यांत आहे. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. सीपीयू म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. मेमरी म्हणजे ओटा, हाताशी लागणारं सगळं त्यावर. हार्ड डिस्क म्हणजे माळा, घरातलं सगळं तिथे साठवलेलं, पण काढायचं तर शिडी लावायची. आमच्या संगणकात बाई बसून होती. चौदा टक्के म्हणजे ती नुसती कांदा सोलत होती. ओटा भरत आलेला. आणि शिडीवर मात्र चढउतार चाललेली, एक क्षण उसंत नाही. ओटा लहान असला की त्यावरच्या वस्तू पुन्हा माळ्यावर ठेवाव्या लागतात आणि लागल्या की पुन्हा काढाव्या लागतात. संगणकही मेमरी कमी पडली की असंच करतो. म्हणून ४ जीबीच्या यंत्राला डिस्कची मंदगती दुप्पट जाचते.

आणि ते १०० टक्के म्हणजे डिस्क भरली असं नाही. हा गैरसमज मी किमान सहा जणांकडून ऐकला, त्यात एक शिक्षक होते. टास्क मॅनेजरमधला डिस्कचा टक्का म्हणजे डिस्क किती वेळ कामात गुंतली आहे त्याचं प्रमाण. आमची डिस्क पूर्ण वेळ राबत होती आणि सेकंदाला दोन-अडीच एमबीच वाचत होती. एवढे कष्ट आणि एवढंसं फळ? कारण फिरणारी डिस्क. तिची तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट, सुमारे चार मिलिसेकंद, आणि त्याआधी सुईचा दांडा योग्य जागी सरकायला आणखी काही मिलिसेकंद. एक मोठी सलग फाइल असेल तर ही वाट एकदाच बघायची. हजारो बारक्या फाइली असतील तर दर फाइलीला बघायची. सेकंदाला साधारण शंभर फेऱ्या, त्यापलीकडे ती बिचारी काय करणार? एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ही वाटच नसते.

आता प्रश्न, शिडीवर कोण? टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’ या शीर्षकावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त डिस्क वापरणारा वर येतो. पहिला अँटिव्हायरस. दुसरासुद्धा अँटिव्हायरसच, पण वेगळा. संगणक घेतला तेव्हा फुकट मिळालेला, मुदत केव्हाच संपलेली, तरी हजेरी लावणारा. तिसरा, फाइली इंटरनेटवर साठवणारा सिंकचा प्रोग्राम. मग मी ‘परफॉर्मन्स’मधून रिसोर्स मॉनिटर उघडला. तिथे कोणता प्रोग्राम कोणती फाइल वाचतोय ते नावानिशी दिसतं. आणि मला हसू आलं. तिघेही मिळून आपल्या मंडळाचे जुने अंक वाचत होते! एका अंकाच्या चौतिसाव्या पानावर सिंक पोचला की पहिला अँटिव्हायरस तेच पान तपासायला धावायचा, त्याच्या मागे दुसरा. गेल्या दहा वर्षांत आपले जुने अंक कोणी इतक्या मन लावून वाचले नसतील.

हसू फार वेळ टिकलं नाही. सिंक सगळे अंक नव्याने का वाचत होता? कारण दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी कोणीतरी ‘ओल्ड इश्यूज’ या फोल्डरचं नाव बदलून ‘जुने अंक’ केलं होतं. सिंक त्या वेळी बंद होता. सुरू झाल्यावर त्याला ११ जीबी मजकूर नवाच वाटला आणि तो सगळा पुन्हा तपासून चढवायला लागला. कॉलेजच्या वायफायवर ते कधी पुरं व्हायचंच नाही. संध्याकाळी संगणक बंद, सकाळी पुन्हा पहिल्यापासून. त्यातच रोज साडेदहाला अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी लागायची, वेळ तशीच लावलेली होती.

नाव बदलणारी मी. मराठी मंडळाच्या संगणकावर इंग्रजी नाव कशाला, असं म्हणून मोठ्या अभिमानाने बदललं होतं. आणि त्यानंतर मीच मामांच्या नावावर अंगठा दिला होता.

पुढचं काम तासाभराचं. मुदत संपलेला अँटिव्हायरस काढून टाकला. चालू असलेल्याची तपासणी दुपारी दीडला लावली, तेव्हा सगळे जेवायला जातात. सिंकला एका शनिवारी दिवसभर चालू ठेवून एकदाचं काम पुरं करू दिलं. ‘स्टार्टअप’च्या यादीत सतरा प्रोग्राम होते, संगणक सुरू झाला की न बोलावता हजर होणारे. सहा ठेवले. नऊ मिनिटांची तीन झाली. तीन मिनिटं म्हणजे काही विमान नाही, पण अंक वेळेवर निघाला आणि स्पर्धेचे पैसे अजून खात्यात आहेत.

एवढ्यावर लेख संपला असता. पण मंडळात पुढे जे झालं त्यामुळे तो लिहायला घेतला.

मी हे सगळं बैठकीत सांगितल्यावर दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा म्हणाला, “अक्का, बघ की, नजर ठेवल्याचा फायदा तूच दाखवलास. मग कायमचीच नजर ठेवू.” त्याने एका सॉफ्टवेअरची माहितीही आणली. ते दर पाच मिनिटांनी पडद्याचा फोटो काढतं, कोण किती वाजता बसलं, काय उघडलं, काय टाइप केलं याची नोंद ठेवतं आणि समितीला आठवड्याचा अहवाल पाठवतं. मुलगा चांगला आहे, मंडळासाठी राबणारा आहे, त्याच्या मनात काही वाईट नाही. म्हणूनच त्याला उत्तर देणं भाग आहे. त्याला वाटतं की मी केलं ते आणि तो करू बघतोय ते एकच, फक्त त्याचं जास्त पक्कं. मला वाटतं हे दोन्ही एकमेकांच्या उलट आहे.

समजा ते सॉफ्टवेअर दिवाळीच्या आधीपासून बसवलेलं असतं. अहवालात काय आलं असतं? एका दुपारी अमुक मुलीने एका फोल्डरचं नाव बदललं. ही ओळ कोणाच्या डोळ्यांत भरली असती? कोणाच्याच नाही. आणि त्याच अहवालात रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच मामा : शिष्यवृत्तीची वेबसाइट, लाइट बिल, नाट्यगीतं. बस, झालं. आम्हांला पुरावा मिळाला असता. संशय आधीच होता, त्याला तारीखवार कागद मिळाला असता. माणसाची नोंद बघितली की माणूसच दोषी दिसतो, कारण त्या नोंदीत दुसरं कोणी नसतंच. अँटिव्हायरस त्या अहवालात आलाच नसता. मामा सुटले ते आम्ही यंत्राकडे बघितलं म्हणून.

टास्क मॅनेजर आत्ता या घडीला यंत्र काय करतंय ते दाखवतो. बंद केला की चित्र गेलं. मला त्याची आणखी एक गोष्ट आवडते : यादीत तो स्वतःलाही दाखवतो. बघणाराही थोडी मेमरी खातो, थोडा सीपीयू घेतो, आणि ते तो लपवत नाही. हा प्रोग्राम डेव्ह प्लमर नावाच्या मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्याने घरी, फावल्या वेळात लिहायला घेतला होता. नंतर कंपनीने तो घेतला आणि १९९६च्या विंडोज एनटी ४.० मध्ये आला. बाकी सगळं अडकलेलं असतानाही हा चालला पाहिजे, म्हणून तो लहान ठेवण्यावर त्याचा भर होता. युनिक्सवाल्यांकडे त्याच्याही आधीपासून ‘टॉप’ आहे, १९८४ सालचा, विल्यम लेफेव्रचा. आमच्या दुकानातल्या दुसऱ्या, फारच म्हाताऱ्या संगणकावर पप्पांनी लिनक्स घातलंय, तिथे ‘टॉप’ चालतो. लिनक्समध्ये तर ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक चालू प्रोसेससाठी तिच्या क्रमांकाचा एक फोल्डर असतो आणि त्यातल्या फाइली उघडून तिची हकिकत चक्क मजकूर म्हणून वाचता येते. त्या फाइली डिस्कवर नसतातच. आपण विचारलं की त्या क्षणी उत्तर लिहून मिळतं. साहित्यवाल्यांना यापेक्षा आणखी काय हवं?

उलट देखरेखीच्या सॉफ्टवेअरचा धंदाच मुळी लपण्याचा. ते टास्क मॅनेजरमध्ये सहजासहजी सापडू नये, अशी त्याची जाहिरातच असते. लपणं कुठवर जातं त्याचं एक जुनं उदाहरण आहे. २००५ साली सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या काही सीडी संगणकात घातल्या की गाण्यांची नक्कल होऊ नये म्हणून एक सॉफ्टवेअर गुपचूप बसायचं. विशिष्ट अक्षरांनी नाव सुरू होणाऱ्या फाइली आणि प्रोसेस ते यादीतून गायब करायचं. मार्क रुसिनोविच या अभियंत्याला ते स्वतःच्या संगणकात सापडलं आणि त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला त्याने ते जाहीरपणे लिहिलं. पुढे त्याच लपण्याच्या जागेचा फायदा घेणारे व्हायरसही आले, आणि कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. यंत्र माझं, पण त्यात काय चाललंय ते मलाच दिसू नये, ही व्यवस्था एकदा केली की तिथे कोणीही येऊन राहतं.

आता आपल्या खोलीचं बोलू. तिथे कोण काय लिहितं हे मला थोडंफार माहीत आहे, कारण सकाळी बहुतेक वेळा खोली मी उघडते. आपल्यातल्या किती जणांच्या घरी स्वतःचं टेबल आहे? एका खोलीत पाच माणसं, मोबाइल सगळ्यांचा सामायिक. असे लोक इथे येऊन लिहितात. गेल्या वर्षीच्या अंकात टोपणनावाने एक कथा आली होती, घर सोडून गेलेल्या आईची. पुष्कळांना ती आवडली, कोणाची ते आजही माहीत नाही. माहीत होऊ नये म्हणूनच तिने ती घरी न लिहिता इथे लिहिली. दर पाच मिनिटांनी पडद्याचा फोटो निघणार असता तर तिने ती लिहिली असती? कवितेचा पहिला खर्डा दर पाच मिनिटांनी समितीला जाणार असेल तर मी माझाही लिहिणार नाही, तो इतका वाईट असतो. मंडळ चालतं कशासाठी, तर लोकांनी लिहावं म्हणून. ४ जीबीच्या यंत्रावर आणखी एक सतत चालणारा, सतत डिस्कवर लिहिणारा प्रोग्राम चढवल्याने ते पुन्हा नऊ मिनिटांवर जाईल, हा मुद्दा त्यामानाने लहान. पण तोही आहेच.

कोणी म्हणेल, मग सामायिक यंत्राचा गैरवापर झाला तर? झाला तर बोलू. अँटिव्हायरस आहे, प्रत्येकाला वेगळं लॉगिन देता येतं, प्रोग्राम बसवायचा अधिकार फक्त सरांच्या लॉगिनला ठेवता येतो. ही कुलपं आहेत. कुलूप लावणं वेगळं आणि खोलीत लपून बसणं वेगळं.

माझी मागणी लहान आहे. टेबलाशेजारी एक वही ठेवू. संगणक अडकला की ज्याचा अडकला त्याने तीन बटणं दाबायची आणि लिहायचं : तारीख, वेळ, चार आकडे, आणि वरचे तीन प्रोग्राम. स्वतःचं नाव लिहायचं नाही. महिनाभरात वहीच सांगेल की आजार कुठे आहे. मला वाटतं ती डिस्ककडेच बोट दाखवेल. एसएसडीचं दुकानात विचारलं, अडीच हजार सांगितले. कॉलेज रोडवरच्या दोन चांगल्या जेवणांचे पैसे वाचवले तर समितीला ते जमेल. आणखी एक गोष्ट मान्य करते : १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवलाय, त्यामुळे हा संगणक असाच वर्षानुवर्षं ठेवता येणार नाही. दुकानासारखं लिनक्स घालायचं की पुढच्या वर्षी नवीन घ्यायचा, हे ठरवावं लागेल. खरं ते स्पर्धेचे पैसे मोडून, घाईघाईने आणि चुकीच्या कारणासाठी नको.

वही ठेवली तर चुकीचं वाचनही होणार, त्याची तयारी ठेवूया. मागच्या आठवड्यात ग्रुपवर एकाने फोटो टाकला, ‘सापडला चोर! हा ९२ टक्के सीपीयू खातोय.’ नाव होतं ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’. म्हणजे रिकामपण. सीपीयू ९२ टक्के वेळ मोकळा बसलाय, याची ती नोंद. बिचाऱ्याला फोटोसकट पकडलं होतं. तसंच मेमरी ८० टक्के दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. रिकामी मेमरी ही काही शिल्लक टाकलेली रक्कम नाही, उपयोगात असलेली बरी. ब्राउझरच्या नावाने वीस-वीस ओळी दिसतात, तेही व्हायरस नव्हे. क्रोम २००८मध्ये आला तेव्हापासून टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवतो, एक कोसळला तर बाकीचे वाचावेत म्हणून. (हे समजावायला गूगलने तेव्हा स्कॉट मॅक्लाउड या चित्रकाराकडून चक्क कॉमिक काढून घेतलं होतं. जमलं तर बघा, तांत्रिक गोष्ट साध्या भाषेत कशी सांगावी याचा नमुना आहे.) आणि ‘एन्ड टास्क’ हे बटण रागाच्या भरात दाबायचं नाही. मी एकदा अडकलेल्या वर्डवर दाबलं, तो अडकलेला नव्हता, सेव्ह करत होता. चार पानं गेली. विषय होता ‘मराठी कादंबरीतील संयम’.

मामांकडे मी त्याच आठवड्यात गेले होते. सगळं सांगितलं, फोल्डरचंसुद्धा. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “खरं बाई, मी तर त्या दिवसापासून हात पण लावलो नाही की.” तेवढंच. राग असता तर बरं वाटलं असतं. मुलीचा फॉर्म त्यांनी मधल्या काळात बाहेर सायबरमध्ये जाऊन भरला होता. दोन चकरा, दीडशे रुपये, कारण पहिल्यांदा उत्पन्नाचा दाखला नीट चढला नाही. ते पैसे आम्ही अकराजणांनी द्यावेत असं मी ग्रुपवर लिहिलं. नऊ अंगठे आले, पैसे सातजणांनी दिले. मामांनी ते घेतले नाहीत, पेढे आणले.

आता ते पुन्हा पाचला बसतात. परवा मी निघताना त्यांनी हाक मारली. पडद्यावर टास्क मॅनेजर उघडा होता आणि मामा चष्मा कपाळावर सरकवून तो वाचत होते.

“बाई, डिस्क सत्त्याण्णव दाखवालंय. पाच मिनिटं थांबू काय?”

“थांबा मामा,” मी म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले.